मला उगाळून प्यायले

मी उल्का बोलतेय. शिकलेली माणसं म्हणतात, जळत येते ती उल्का आणि जमिनीला पोचते ती अशनी. असेल. बाईचंही लग्नानंतर नाव बदलतात, म्हणून बाई बदलते का? तुम्हाला हवं ते म्हणा. दगड म्हटलंत तरी चालेल. फक्त औषध म्हणू नका. ते ऐकून ऐकून माझे कान किटले. मला कान नाहीत, तरी किटले.

माझं वय साडेचारशे कोटी वर्षं. तुमच्या पृथ्वीच्या जोडीची मी, पण ती सजूनधजून बसली आणि मी तशीच राहिले. मंगळ आणि गुरू यांच्या मधे आमची वस्ती. भाकऱ्या थापून झाल्या की परातीला पीठ चिकटून राहतं ना, ते आम्ही. सूर्याभोवती ग्रह थापले जात होते तेव्हा आम्हाला कुणी घेतलं नाही. तेव्हापासून नुसतं फिरायचं, एकमेकांवर आदळायचं, फुटायचं, परत फिरायचं. भावकी म्हटली की हे आलंच.

धूमकेतू हे आमचे लांबचे. बर्फाची जात, राहायचे फार दूर. शंभर-दोनशे वर्षांतून एकदा शेपूट मिरवत येतात आणि खाली तुम्ही आ वासून बसता. राजा मेला, धूमकेतूने मारला. पटकी आली, धूमकेतूने आणली. राजा रोज बकऱ्याची तंगडी आणि दारू ढोसून फुगून मेला असेल, पण नाव बिचाऱ्या शेपटीचं. विहिरीत मेलेलं कुत्रं कुणी काढायचं नाही, वर बघून बोटं मोडायची.

आता खरं आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल हिला आपल्या घराण्याचं झाकायचंय. साडेसहा कोटी वर्षं झाली, आमच्यातला एक डोंगराएवढा भाऊबंद पृथ्वीवर आदळला. धूळ उडाली, ऊन बंद झालं, झाडं मेली, झाडं खाणारे मेले, त्यांना खाणारेही मेले. घराएवढ्या पाली संपल्या. बिळात लपलेली उंदराएवढी केसाळ जनावरं मात्र वाचली, आणि त्यांच्या पोटी पुढे कधीतरी तुम्ही. म्हणजे तुम्ही आज पायावर पाय टाकून बसलाय ते एका अपघातामुळे. पृथ्वीवरचं थोडंफार पाणीही आमच्या जातीने आणलं म्हणतात, आणि जीव ज्या मालापासून होतो त्यातला काही माल आमच्या अंगात सापडतो. किती आणला, कुणी आणला, यावर शहाण्यांची भांडणं चालू आहेत. चालू द्या.

पण एक नीट ऐका. आम्ही यातलं काहीही मुद्दाम केलं नाही. मारायला आलो नाही की तारायलाही आलो नाही. आमच्या वाटेत पृथ्वी आली, एवढंच.

माझ्या वाटेत समुद्रापलीकडच्या मसाबा डोंगराचा उतार आला, आणि त्या उतारावरची नागुडीची केळीची बाग.

दुपारची वेळ होती. आभाळ स्वच्छ आणि अचानक गडगडाट. नागुडीचा थोरला दीर गिमादू आंब्याखाली उताणा पडला होता. तो डोळे न उघडता म्हणाला, "खाणवाल्यांनी सुरुंग लावला असेल." आणि कुशीवर वळला. मी केळीचं एक झाड आडवं करून कोपरभर खोल मातीत रुतले. लहान फणसाएवढी होते तेव्हा मी.

नागुडी कोयता घेऊन धावत आली. चाळिशीची बाई, उंच, हाडापेराने मजबूत. तिने माझ्याकडे बघितलं, आडव्या केळीकडे बघितलं आणि म्हणाली, "गुरुवारच्या बाजाराचा घड गेला."

कोटी कोटी वर्षांचा प्रवास करून आले, आणि माणसाने माझ्या स्वागताला काढलेलं हे पहिलं वाक्य. मला ती बाई तिथेच आवडली.

मग गाव जमलं. ज्याने त्याने नंतर सांगितलं की दगड लालबुंद होता, हात भाजला. थापा. वरून येताना कातडं जळून काळं झालं हे खरं, पण आत मी थंडगार. पण भाजल्याशिवाय चमत्काराला चव येत नाही.

आणि चवीवरूनच सगळं सुरू झालं. त्या मुलखात बायका माती खातात. बाजारात मातीच्या कांड्या मिळतात, झाडपाला आणि मुळ्या मळून वाळवलेल्या. मुम्ब्वा म्हणतात त्याला. बाई पोटुशी राहिली की कांडी घ्यायची, खरबरीत दगडावर पाण्यात उगाळायची आणि पिऊन टाकायची. आई तेच करत होती, आजीही तेच. त्यामुळे जे उगाळता येतं ते पिता येतं, हे तिथल्या माणसांच्या हाडात मुरलेलं.

गावात सगळ्यांत म्हातारी मुगीदे. तिला सगळे कुखू म्हणायचे, म्हणजे आजी. कुखू काठी टेकत आली, गर्दीतून वाट काढत पुढे झाली, खाली वाकली आणि तिने मला चाटलं.

"कुखू, काय करतेस? कुठून आलंय ते माहीत नाही." नागुडी ओरडली.

"चव बघते."

"दगडाला कसली चव?"

"मातीला असते, दगडाला असते. माझ्या नवऱ्याला तेवढी नव्हती." तिने परत एकदा चाटलं. "जळक्या तव्यासारखी लागते. बरी आहे."

माझा एक कपचा उडाला होता तो तिने उचलला, घरी नेला, मुम्ब्वासारखा उगाळला आणि प्यायली. चार दिवसांनी सांगत सुटली की गुडघा दुखायचा थांबला.

झालं. रविवारी पास्टर वेटाकाने पत्र्याच्या देवळात हात वर करून सांगितलं की देवाने आपल्या हाताने मळलेला मुम्ब्वा वरून टाकला आहे. वेटाका वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. वाईट माणसाला ओळखता येतं, टाळता येतं. हा मनापासून बोलायचा. मनापासून बोलणारा मूर्ख फार महाग पडतो.

लोक मला देवळात न्यायला आले. तेव्हा कुखूच आडवी आली. "ज्याच्या बागेत फांदी पडते त्याचं सरपण," ती म्हणाली. हा तिथला कायदा, त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती. मी नागुडीच्या ओसरीवर राहिले.

नागुडीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. एचआयव्ही होता त्याला. गावात त्याला सिलिमू म्हणतात, माणसाची काडी करणारा रोग. मग नागुडीचं रक्त तपासलं, तर तिलाही. दवाखान्याने गोळ्या दिल्या. रोज सकाळी नाचणीची पेज प्यायची आणि वर एक गोळी, एक दिवस चुकवायचा नाही. नऊ वर्षं तिने चुकवला नाही. बियाण्याच्या चवळीच्या डब्यात गोळ्या ठेवायची. दोन डबे पाणी घेऊन चढ चढायची ती बाई, मधे न थांबता.

रोगाने तिचं काही केलं नाही. केलं ते मडक्याने.

संध्याकाळी गिमादूच्या अंगणात मालव्याचं मडकं मांडलं जायचं. मालवा म्हणजे नाचणीची दारू. मडकं मधे, त्यात वरून कढत पाणी ओतायचं, आणि भोवती स्टुलांवर बाया-पुरुष बसून लांब लांब वेताच्या नळ्यांनी एकाच मडक्यातून प्यायचं. ज्याची त्याची नळी वेगळी. लग्नं तिथे ठरतात, बांधाची भांडणं तिथे मिटतात, गावातली प्रत्येक बातमी आधी तिथे कळते. मडक्याला जागा आहे तो माणूस. जागा नाही तो शेजारी.

नवऱ्याला मूठमाती दिल्यावर महिन्याभराने नागुडी आपली नळी घेऊन गेली तेव्हा गिमादू उठून उभा राहिला. "मायी, तू दमून येतेस," तो म्हणाला. मायी म्हणजे आई, बाईला मानाने मारायची हाक. फार आदबीने म्हणाला. "तू कशाला गर्दीत बसतेस? तुला भोपळ्याच्या तुंब्यात ओतून देतो, तिकडे निवांत पी." तिची नळी त्याने हातातून घेतली आणि आपल्या छपरात खोचून ठेवली. नऊ वर्षं ती छपरात, आणि नऊ वर्षं नागुडी कुंपणाशी बसून एकटी भोपळ्यातून. नळीने रोग लागत नाही हे दवाखान्याने दहादा सांगितलं होतं. गिमादू मान हलवायचा आणि म्हणायचा, "ते खरंच आहे, पण मायी दमते ना."

आणि आता त्याच नागुडीच्या दाराशी रांग. तिने मला मांडीशी घ्यायचं, पाणी शिंपडायचं, दुसऱ्या दगडावर घासायचं, राखाडी पाणी वाटीत धरायचं आणि लोकांनी ते तिच्या हातून घटाघटा प्यायचं. जिच्या शेजारी नळी चालत नव्हती, तिच्या बोटांचा घाम चालत होता. हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, पण मला कोण विचारतो.

काय काय घेऊन यायचे लोक. दात, पाठ, वांझपण, मुलाची परीक्षा, जमिनीचा खटला. एकाने आपला बोकड आणला, बोकडाचं शेळ्यांकडे लक्ष नव्हतं. उगाळलेलं पाणी पिऊन बोकडाने त्यालाच ढुशी दिली तर म्हणाला गुण आला. सर्दी झालेला आठ दिवसांनी बरा व्हायचा आणि माझ्या पाया पडायचा. सर्दी आठ दिवसांनीच जाते, मला चाटा नाहीतर उंबरा चाटा. आणि खालच्या वस्तीतला म्हातारा पाणी प्यायला आणि तिसऱ्या दिवशी मेला, त्याचं नाव कुणी काढलं नाही. बरे झालेले बोलायला येतात. मेलेले येत नाहीत. तुमचे अर्धे देव याच्यावर चाललेत.

एके दिवशी वेटाका आला आणि ओसरीवर बसला. सकाळची वेळ. नागुडीच्या हातात पेजेचा वाडगा आणि गोळी होती.

"मायी नागुडी, एक विचारू?"

"विचारा, पास्टर."

"देवाने दगड कुणाच्या बागेत टाकला?"

"माझ्या."

"एवढ्या सगळ्यांच्या बागा सोडून तुझ्या. का टाकला असेल? आणि ज्या बाईला त्याने निवडलं, ती बाई सरकारी गोळी गिळते. मग बाकीच्यांनी काय समजायचं?"

नागुडीने वाडगा खाली ठेवला. पेजेवर साय धरायला लागली.

"मी जबरदस्ती करत नाही. गिमादूही परवा म्हणत होता की मायी बरी झाली तर मला तिची नळी छपरातून काढायला आनंदच आहे."

मी दगड आहे. पण त्या वेळी तिच्या मांडीशी होते आणि तिच्या पायातून गेलेली शिरशिरी मला कळली. मृत्यूला ती नऊ वर्षं रोज सकाळी पेजेबरोबर गिळत होती, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. नळी म्हटल्यावर बाई हलली.

त्या दिवशी तिने गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. तिसऱ्या दिवशी चवळीचा डबा उचलला, मागे गेली, आणि गोळ्या संडासाच्या खड्ड्यात ओतून आली. मग खाली बसून मला उगाळायला लागली. जोरजोरात. माझा भुगा तिच्या नखांत गेला. प्यायली. मी तिच्या घशातून खाली उतरले आणि आत जाऊन काहीही केलं नाही. करणार काय? माझ्यात थोडं लोखंड, थोडं गंधक, बाकी दगड. साडेचारशे कोटी वर्षांत मला कुणी डॉक्टरकी शिकवली नव्हती.

त्या शनिवारी मडकं नागुडीच्याच अंगणात मांडलं. गिमादूने सगळ्यांसमोर नळी आणून दिली. नऊ वर्षांच्या धुराने काळी पडलेली. नागुडीने ती खांद्यावरच्या पदरासारख्या फडक्याने पुसली, पुसतच राहिली. मग स्टूल ओढून बसली आणि नळी मडक्यात सोडली. कुणीतरी तिला कोपराने ढोसलं, कुणीतरी कुणाच्या तरी पळालेल्या बायकोची गोष्ट सांगितली आणि नागुडी एवढी हसली की दारू नाकात गेली. मी ओसरीवरून बघत होते. त्या संध्याकाळी ती खरंच बरी दिसत होती, हे कबूल करते. म्हणूनच माझा जळफळाट झाला.

महिन्याने सायकल वाजवत खैन्झा आली. दवाखान्याने गावोगाव नेमलेल्या बाया असतात, त्यांतली ही. गोळ्या न्यायला कोण आलं नाही ते बघायचं, घरी जाऊन बसायचं. खैन्झा स्वतः तेच औषध घेते आणि बसस्टँडवर उभी राहून सांगते. तोंड म्हणजे कोयता.

"महिना झाला, तारीख चुकवलीस. मेलीस का बघायला आले."

"बरी आहे मी."

"गोळ्या कुठायत?"

नागुडीने माझ्याकडे बोट केलं. खैन्झाने मला उचललं, उलटसुलट बघितलं आणि ठेवलं. "हे? याने मटोक्याच्या केळ्यांचा घड पाडला आणि तू याच्यावर जीव टाकतेस? घड परत चिकटवता आला का याला?"

"लोक बरे होतायत."

"लोकांना झालंय काय? गिमादूची ढेकर थांबली, त्याला बरं होणं म्हणतात का? नागुडी, तुझ्या रक्तातला तो झोपलाय, मेला नाही. गोळी त्याच्या छातीवर बसलेली असते रोज. तू तिला उठवलंस."

"तुझं बरं आहे. तू आपली नळी घेऊन कुठेही बसतेस."

"बसते. ज्याला नको त्याने उठावं."

"तुझ्यात ती धग आहे. माझ्यात नाही." नागुडीचा आवाज बारीक झाला. "नऊ वर्षं कुंपणाशी बसले गं मी. कुत्रं बसतं तिथे."

खैन्झा तिच्या शेजारी टेकली. पिशवीतून गोळ्यांची डबी काढून तिने ओसरीवर ठेवली. नागुडीने ती परत पिशवीत घातली. असं दोनदा झालं. शेवटी खैन्झा सायकलवर बसली आणि म्हणाली, "मी दर आठवड्याला येणार. दार लावलंस तर दारात बसणार."

आणि आली. आठवड्याला यायची, शिव्या द्यायची, जायची.

तिसऱ्या महिन्यात नागुडीला ताप यायला लागला. मग खोकला. मग गालफडं आत गेली. मला घासताना तिचा हात मधेच थांबायचा. पाण्याचे दोन डबे एकावर आले, मग अर्ध्यावर. वेटाका म्हणाला, "रोग बाहेर पडतोय. निघताना त्रास देतोच." लोकांनी माना डोलावल्या. बाहेर पडतोय म्हणे. घरात चोर शिरलाय, भांडी वाजतायत, आणि हे म्हणतात चोर निघायची तयारी करतोय.

मी ओरडले असते तर. डोंगराएवढा भाऊ माझा, त्याच्या आवाजाने समुद्र उसळले. मला एक शब्द काढता येईना.

एका संध्याकाळी मडक्याशी तिला उबळ आली आणि थांबेना. शेजारचं स्टूल हळूच सरकलं. मग पलीकडचं. गिमादू उठला. "मायी, इथे तुला धूर लागतोय," तो म्हणाला, तसाच आदबीने. "जरा तिकडे बसतेस का? मी भोपळ्यात आणून देतो." आणि त्याने तिच्या हातातून नळी घेतली.

दुसऱ्या दिवशी वेटाकाने सांगितलं की नागुडीचा विश्वास कमी पडला. आणि त्याच दिवशी अकरा माणसं तिच्या ओसरीवर येऊन स्वतःच मला उगाळून पिऊन गेली, कारण नागुडीला आतून उठवत नव्हतं. एकानेही आत डोकावून पाणी हवं का विचारलं नाही.

बारावी कुखू मुगीदे. ती मला उगाळायला आली नव्हती. सरळ आत गेली. बराच वेळ आतून नुसता खोकला ऐकू येत होता. मग कुखूचा आवाज.

"माझा गुडघा परत दुखतोय."

"उगाळून देऊ?" नागुडी उठायला लागली असावी.

"पडून रहा. ऐक. दगड चाटल्यावर मी गावात मोठी झाले. लोक माझं पाणी भरायला लागले, सरपण आणून टाकायला लागले. तीन-चार महिने मी त्या चढावर पाय ठेवला नाही. गुडघा दुखणार कुठून? आता लोकांचा माझ्यापुरता उत्साह संपला, गेल्या आठवड्यापासून माझं पाणी मीच आणते. आणि दुखतोय. हे मला चार दिवसांपूर्वीच कळलंय. लाज वाटली म्हणून बोलले नाही. एवढ्या वयात लाज वाटते मेली."

रविवारी देवळातून सगळे थेट नागुडीच्या अंगणात आले, वेटाका प्रार्थना करणार होता. कुखू ओसरीवर माझ्या शेजारी काठी टेकून उभी राहिली आणि गुडघ्याची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. पाणी, सरपण, लाज, सगळं.

"कुखू, देवाच्या कामात असं बोलू नये," वेटाका म्हणाला.

"देवाला मधे ओढू नकोस. दगड मी चाटला, त्याने नाही."

"पण इतके लोक बरे झाले."

"मग या पोरीला कर. आत्ता. आम्ही बसतो इथे." कुखू खाली बसली. "नाही झाली तर उद्या तिला मातीत तू घालणार, आणि कबरीवर काय बोलायचं तेही तुला ठाऊक आहे. विश्वास कमी पडला. तू म्हणालास तेच मी म्हणाले होते बरं का, मीही होते तुझ्यात. म्हणून तर सांगते. पोरीचा विश्वास कमी पडला नाही. जास्त पडला."

वेटाका उभाच राहिला. त्याच्या तोंडावरून कळत होतं की त्याला आता पहिल्यांदा भीती वाटली. मग त्याने कोट काढून गिमादूकडे दिला आणि आत जाऊन नागुडीला उचलून बाहेर आणलं. मी आधीच म्हटलं, वाईट नव्हता. पण तेवढ्याने झालेलं भरून येत नाही.

खैन्झा आठवड्याच्या फेरीला आलीच होती. सायकलच्या मागे नागुडीला बसवलं, खैन्झाच्या पाठीला कापडाने बांधलं, पास्टर एका बाजूने आणि कुखू काठी टेकत मागून. कुखूला घरी जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "गुडघा दुखतोय तर दुखू दे, त्याचं खरं तरी आहे." उतारावर वळेपर्यंत मला दिसत होते.

नंतर कळलं की फुप्फुसात क्षय शिरला होता. जुन्या गोळ्या चालतील की नाही ते सांगता येत नव्हतं, दुसऱ्या दिल्या. दवाखान्यातल्या बाईने सांगितलं, वाचेल असं म्हणत नाही, मरेल असंही म्हणत नाही, रोज गिळेल तर बघू. माझ्याविषयी इतक्या दिवसांत कुणी इतकं प्रामाणिक बोललं नव्हतं.

मी ओसरीवर एकटी. आता कुणी येईना. जे मला प्यायले ते रस्त्याच्या पलीकडून जायला लागले, जसं काही मीच त्यांना बोलावलं होतं. मधे राजधानीतून एक विद्वान आला, चष्मा, लोहचुंबक, पिशव्या. बागेतला खड्डा मोजला आणि म्हणाला, "खड्ड्यावरून दगड बराच मोठा असणार. बाकीचा कुठे आहे?"

गिमादू म्हणाला, "आमच्या पोटात."

विद्वानाने ते वहीत लिहून घेतलं. एक कपचा नेला. उरले ती मी मुठीएवढी, घासून घासून एका बाजूने गुळगुळीत.

नागुडी दोन महिन्यांनी चालत घरी आली. हाडं आणि डोळे. पहिल्या दिवशी चूल पेटवायला बसली तर तीन दगडांतला एक डगमगत होता. तिने इकडेतिकडे बघितलं, मला उचललं, क्षणभर हातात धरलं. मला वाटलं आता ही मला उतारावरून भिरकावणार, आणि भिरकावलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. तिने मला त्या दगडाखाली सारलं, मडकं ठेवलं, हलवून बघितलं. हललं नाही.

सहा महिने झाले त्याला. मी इथेच आहे. मला कढत पेज ऐकू येते, राख अंगावर पडते, कोंबड्या येऊन ऊब घेतात. आणि हे सगळं बरं चाललंय.

तुमच्याकडे मागायचं म्हटलं तर एवढंच. परत आमच्यातलं कुणी तुमच्या बागेत पडलं तर बघा, खुशाल बघा, पोरांना दाखवा, सांगा की हा आजोबांच्याही आजोबांच्या आधीचा दगड आहे, यात पृथ्वीच्या जन्माची धूळ आहे. ते खरं आहे आणि ते पुरेसं आहे. पण आमच्या माथी तुमचं मरण मारू नका, जगणंही मारू नका. आम्ही पडतो. बाकी सगळं तुम्ही करता.

काल सकाळी खैन्झा सायकल वाजवत आली आणि फाटकापासूनच म्हणाली, "नागुडी, रक्त तपासलं. सापडत नाही आता, परत झोपला तो." तिच्या मागोमाग अर्ध्या तासात गिमादू. बातमी मडक्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ पुरतो. त्याच्या हातात नवी कोरी नळी होती, पुरुषभर लांब, वेताची.

"मायी, जुनी काळी पडली होती," तो म्हणाला. "ही नवी आणली. आता बरी झालीस, संध्याकाळी ये. तुझी जागा ठेवलीय."

नागुडीने नळी घेतली. या टोकातून त्या टोकापर्यंत डोळा लावून बघितलं.

"चांगली आहे, पापा," ती म्हणाली, थोरल्या दिराला मानाने म्हणतात तसं.

मग गुडघ्यावर धरून तिने नळी मोडली. हातभर ठेवली, उरलेली सरपणात टाकली. चुलीपाशी वाकली आणि त्या हातभर नळीने फुंकायला लागली. जाळ भडकला. गिमादू उभा होता तिथून दोन पावलं मागे सरला.

"पेज व्हायची आहे माझी," नागुडी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "गोळीची वेळ झाली. बसायचं असेल तर बसा, तुम्हाला वाडग्यात देते. तिकडे कुंपणाशी जागा आहे."

तो बसला नाही. पेजेला उकळी आली तेव्हा मडकं जरासुद्धा हललं नाही. खाली मी होते.